अमेरिकेहून आलेला फायर टॅब भिंतीवर लावायचाय? आधी त्याच्यावरची कामं कमी करा

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून येताना ॲमेझॉनचा फायर एचडी 10 हा टॅब आणला. घरात वायफायवर चालणारे काही दिवे, दोन रिमोटचे पंखे, गीझरचा स्मार्ट प्लग आणि दाराचा कॅमेरा आहे. टॅब हॉलच्या भिंतीवर लावून त्यावर गूगल होम, गूगल असिस्टंट, अलेक्सा आणि दिव्यांचं ॲप, सगळं चालवायचा विचार आहे. पण त्यात प्ले स्टोअरच दिसत नाही. आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे, आणि सौ. फक्त मराठीच बोलतात. हे जमेल का? कसं?

उत्तर : जमेल. पण ही सगळी कामं एकट्या टॅबच्या डोक्यावर टाकू नका. या टॅबला रॅम 3 जीबी. पुस्तकं वाचायला, सिनेमे बघायला तेवढी पुरते. गूगलच्या सेवा, ॲमेझॉनच्या सेवा, कॅमेऱ्याचं चालू चित्र आणि दिवसभर कान टवकारून बसलेला असिस्टंट, असं सगळं एकत्र आलं की टॅब धापा टाकायला लागतो. बटण दाबल्यावर दिवा लागायला चार सेकंद लागले, तर घरातली माणसं दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने भिंतीवरचा खटका दाबायला लागतात आणि टॅब नुसता शोभेला उरतो. घरांमध्ये ही कामं करून देताना मी पहिली वाटणीच अशी करते: दाखवायचं आणि बटण दाबायचं काम टॅबचं, ऐकायचं काम स्पीकरचं किंवा फोनचं, आणि कुठला दिवा कधी लागायचा याचा हिशेब ठेवायचं काम तिसऱ्याच कुणाचं. ही वाटणी पाळली तर हा स्वस्तातला टॅब बरीच वर्षं चालतो.

आधी तुमचा टॅब कुठल्या पिढीचा आहे ते बघा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ऑप्शन्स आणि त्यात अबाउट फायर टॅबलेट असं मिळेल. 2021 चा असेल तर त्यात फायर ओएस 7 आहे, म्हणजे आतून अँड्रॉइड 9. 2023 चा असेल तर फायर ओएस 8, आतून अँड्रॉइड 11. फायर ओएस हे अँड्रॉइडच, फक्त गूगलच्या सेवा काढून ॲमेझॉनने आपल्या सेवा बसवलेलं. म्हणून प्ले स्टोअर दिसत नाही. टॅब बिघडलेला वगैरे नाही. बरोबर आलेला चार्जर अमेरिकन चपट्या पिनांचा असेल. त्यावर बारीक अक्षरात 100–240 व्होल्ट लिहिलेलं असलं तर साधा पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. तरी भिंतीवर कायमचं लावायचं असेल तर आपल्या पिनांचा चांगल्या कंपनीचा यूएसबी चार्जरच घ्या. पिन अडॅप्टर सॉकेटमध्ये सैल बसतो, आणि सैल जागी उष्णता धरते.

आता प्ले स्टोअर. ते लागणार आहे का हे आधी ठरवा, कारण ते बसवलं की टॅब थोडा जड होतो. गूगल होम ॲप हवंच असेल तर लागेल, कारण ते गूगल प्ले सर्व्हिसेसवर उभं आहे. मॅटरचं (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या मानकाचं) चिन्ह असलेली उपकरणं टॅबवरूनच घरात जोडून घ्यायची असली तरी तीच सेवा लागते. मी पुढे होम असिस्टंट नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरचा जो रस्ता सांगणार आहे, त्याला मात्र गूगलचं काहीच लागत नाही.

बसवायचं ठरलं तर क्रम असा. टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल तर आधी काढून ठेवा. या फाइल कार्डावर जाऊन बसल्या तर पुढे सगळं अडतं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसीखाली अनोळखी ठिकाणाहून आलेली ॲप चालू देण्याची परवानगी आहे, ती टॅबवरच्या सिल्क ब्राउझरला द्या. मग चार फाइल उतरवायच्या: गूगल अकाउंट मॅनेजर, गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क, गूगल प्ले सर्व्हिसेस आणि गूगल प्ले स्टोअर. लोक बहुतेक एपीकेमिरर या ॲपच्या फाइल ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून घेतात, मीही तिथूनच घेते. कुठल्यातरी व्हिडिओच्या खालच्या लिंकवरून चारही एका गठ्ठ्यात घेऊ नका. या चार फाइलना तुमच्या टॅबची अर्धी किल्ली मिळणार आहे, त्या कुठून आल्या ते माहीत असायला हवं.

खरी चूक होते ती आवृत्ती निवडताना. प्ले सर्व्हिसेसचे एकाच दिवशी निघालेले बरेच प्रकार यादीत दिसतात. त्यातला तुमच्या अँड्रॉइडचा आकडा आणि प्रोसेसरचा प्रकार, 32 बिट की 64 बिट, या दोन्हींशी जुळणारा घ्यायचा. 2021 च्या टॅबसाठी अँड्रॉइड 9 चा, 2023 च्या टॅबसाठी अँड्रॉइड 11 चा. ‘बीटा’ लिहिलेलं टाळा. फाइलच्या नावापुढे ‘बंडल’ असेल तर ती साधी उघडून बसत नाही, तीही सोडा. चारही वर सांगितलेल्या क्रमानेच बसवा, आणि मध्ये एकही उघडू नका. शेवटचं बसल्यावर ‘ओपन’ न दाबता ‘डन’ दाबा, टॅब बंद करून चालू करा आणि मगच प्ले स्टोअर उघडून लॉगिन करा. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं ते स्वतःलाच अद्ययावत करत असतं. स्क्रीनवर काही होत नाहीये असं वाटतं, ॲप उघडल्याबरोबर मिटतात. तेव्हा काहीही दाबू नका, चहा करून या. बहुतेक लोक याच टप्प्यावर ‘बिघडलं’ म्हणून सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात.

कॉम्प्युटर हाताळणारं कुणी घरात असेल तर फायर टूलबॉक्स नावाची एक सोय आहे. टॅबवर डेव्हलपर पर्याय उघडायचे (अबाउटमधल्या सिरियल नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ते उघडतात), टॅब केबलने जोडायचा, आणि हेच काम तिथून बटणांवर होतं. लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती, नको असलेली ॲप अशा गोष्टीही त्यातून बंद करता येतात. मात्र ॲमेझॉन दर नव्या अपडेटमध्ये यातली एकेक फट बुजवत आलंय. मुख्य स्क्रीनच्या जागी दुसरा लाँचर बसवणं तर नव्या टॅबवर फार अवघड झालंय. त्यामागे वेळ घालवू नका, पुढे सांगते त्या पद्धतीत लाँचरची गरजच पडत नाही.

लॉगिन कुठल्या खात्याने करायचं हेही आधीच ठरवा. तुमचं नेहमीचं खातं भिंतीवरच्या टॅबवर अजिबात टाकू नका. हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण, नातवाच्या मित्रांपासून गॅसवाल्यापर्यंत, त्या टॅबला हात लावू शकतो, आणि तुमच्या खात्यात बँकेचे मेल असतात. घरासाठी एक वेगळं गूगल खातं काढा आणि तुमच्या फोनवरच्या गूगल होममधून त्याला घरातलं सदस्य म्हणून आमंत्रण पाठवा. त्या खात्यावर ना कार्ड, ना यूपीआय, ना फोटो. बँकेची ॲप या टॅबवर तशीही धड चालणार नाहीत, कारण गूगलच्या लेखी हा प्रमाणित टॅब नाही.

आता असिस्टंट, म्हणजे बोलून काम करून घेणं. इथे थोडा विरस होणार आहे. फोनमध्ये ‘मुख्य असिस्टंट कोणता’ हे निवडायची जागा असते, तशी फायरच्या सेटिंग्जमध्ये नाही. ती जागा अलेक्साने धरलेली आहे. त्यामुळे गूगलचं ॲप बसतं, उघडून माइकवर टिचकी मारली तर ऐकतंही, पण सोफ्यावरून ‘हे गूगल’ म्हटल्यावर टॅब जागा होईल अशी आशा ठेवू नका. करामती करून ते जमवणारे आहेत, पण एखादं अपडेट आलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात गूगल आता जुना असिस्टंट काढून जेमिनी हा नवा असिस्टंट आणतंय, आणि जेमिनीला किमान अँड्रॉइड 10 आणि 2 जीबी रॅम लागते. म्हणजे 2021 चा टॅब तिथेच बाद.

अलेक्सा त्यात मुळातच आहे. एचडी 10 ला ‘शो मोड’ही असतो (तुमच्या टॅबच्या सेटिंग्जमध्ये तो दिसतो का ते बघा), तो चालू केला की टॅब ॲमेझॉनच्या पडद्यावाल्या स्पीकरसारखा वागतो. घड्याळ, हवामान, दिव्यांची बटणं, ‘अलेक्सा’ म्हटल्यावर उत्तर, सगळं. तुम्हाला बोलूनच काम करायचं असेल आणि गूगलचा हट्ट नसेल, तर इथेच थांबायला हरकत नाही: दिव्यांचं ॲप अलेक्साच्या ॲपला जोडा, टॅब चार्जिंग स्टँडवर ठेवा, शो मोड लावा, झालं. अडचण एवढीच की शो मोड आणि आपण पुढे करणार आहोत तो मराठी बटणांचा फळा, दोन्ही एका वेळी समोर राहत नाहीत. यातलं एक निवडावं लागेल.

मराठीचं म्हणाल तर परिस्थिती अशी. फोनवरच्या गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी येतं. जेमिनीचं ॲप 2024 च्या जूनमध्ये भारतात आलं तेव्हा पहिल्या नऊ भारतीय भाषांमध्ये मराठी होती. पण घरात ठेवायचे स्पीकर आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदीवरच अडलेत; अलेक्सा 2019 पासून हिंदी ऐकते, मराठी नाही. म्हणून मी आजी-आजोबांच्या घरात अलेक्साच्या हिंदीचा आडमार्गाने उपयोग करून घेते. तिच्यात ‘रूटीन’ असतात, म्हणजे अमुक वाक्य ऐकलं की तमुक काम कर. ते वाक्य आपण ठरवायचं. मराठी आणि हिंदीत जे शब्द सारखेच आहेत त्यांचंच वाक्य करायचं: ‘पंखा बंद’, ‘गीझर चालू’, ‘शुभ रात्री’. हे ती बिनचूक पकडते. ‘दिवा लाव’, ‘दिवा घालव’ मात्र तिला झेपत नाही. त्यासाठी ‘लाइट चालू’ म्हणायची सवय करावी लागते. तुमच्या सौ. तेवढं नक्की शिकतील. पण माझा अनुभव असा की मराठीत नाव लिहिलेलं मोठं बटण समोर असलं की बोलायची गरज निम्म्याहून कमी होते. म्हणून मी टॅबकडून बोलणं मागत नाही, चांगली बटणं मागते.

ती बटणं कुठून आणायची? मुलगा तिकडून थोडं लक्ष घालणार असेल तर होम असिस्टंट घ्या. नावात असिस्टंट असलं तरी गूगलच्या असिस्टंटशी त्याचा संबंध नाही. हे 2013 साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका पानावर आणतं. ते टॅबवर बसवायचं नसतं, वेगळ्या यंत्रावर बसवायचं: रास्पबेरी पाय 4 किंवा 5, त्यांचंच होम असिस्टंट ग्रीन नावाचं तयार खोकं, किंवा माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप. रास्पबेरी पाय घेतलात तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी डिस्क, लावा. कार्डावर सतत लिहिणं चालू राहतं आणि ते कधीतरी दगा देतं. मुलाला अमेरिकेतून बघता यावं म्हणून राउटरचं दार बाहेर उघडं टाकू नका. त्यासाठी नाबू कासाची वर्गणी किंवा टेलस्केल हे दोन सुरक्षित मार्ग आहेत. मुलाला नावं सांगा, त्याला कळेल. आणि कुणीच लक्ष घालणार नसेल तर हा परिच्छेद विसरा. गूगल होम किंवा अलेक्सा यांच्यापैकी एकच ठेवा आणि टॅबवर तेच उघडं ठेवा.

तुमच्या दिव्यांचं ॲप कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ वायफाय दिव्यांच्या आत तुया या कंपनीचं तंत्र असतं आणि ते स्मार्ट लाइफ ॲपवर चालतात. असं असेल तर होम असिस्टंटला जोडणं सोपं आहे: ॲपमधून एक कोड घ्यायचा, पडद्यावरचा क्यूआर स्कॅन करायचा, सगळे दिवे यादीत येतात. मात्र हा मार्ग कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. इंटरनेट गेलं की टॅबवरून दिवा लागणार नाही, भिंतीवरचा खटका तेवढा चालेल. म्हणून खटका काढून टाकायला इलेक्ट्रिशियनने सुचवलं तर नाही म्हणा. आणि घरातल्यांना एवढंच सांगा की खटका कायम चालू ठेवायचा. तो बंद केला तर दिव्याची वीजच जाते, मग टॅब काय करणार! रिमोटच्या पंख्यांना वायफाय नसेल तर रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर हॉलमध्ये ठेवावा लागतो. तो पंख्याच्या समोर हवा, शोकेसच्या काचेआड नको.

आता टॅबवर काय बसवायचं? फुली किओस्क ब्राउझर, बस्स. हे एकच पान पूर्ण पडद्यावर दाखवणारं ॲप आहे. फायर टॅबसाठी त्यांच्या संकेतस्थळावर वेगळी आवृत्ती ठेवलेली आहे, तीच घ्या, प्ले स्टोअरची नको. चांगल्या सोयींसाठी एकदाच पैसे भरून परवाना घ्यावा लागतो, एका टॅबला एक. तो घ्याच, कारण पुढचं बॅटरीचं काम त्यावरच चालणार आहे. त्यात होम असिस्टंटचा पत्ता टाका, टॅब चालू होताच ॲप उघडायची खूण चालू करा, बाहेर पडायला पिन ठेवा. होम असिस्टंटमध्ये टॅबसाठी वेगळा वापरकर्ता काढा आणि त्याला व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नका. दुरून नियंत्रणाची सोय चालू करून तिला पासवर्ड लावलात की होम असिस्टंटला टॅबची बॅटरी, पडदा, आवाज सगळं दिसायला लागतं.

पानावर गर्दी करू नका. फायरच्या आतलं वेब दाखवणारं इंजिन ॲमेझॉनचं आहे, ते आपल्याला बदलता येत नाही. फिरते आलेख, सरकते नकाशे असलं काही टाकलं की पान अडखळतं. आठ-दहा बटणं, तीही अंगठ्याएवढी, देवनागरीत: हॉल, देवघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली, पंखा कमी, पंखा जास्त, गीझर. वर तारीख आणि वेळ मोठ्या आकड्यांत. ‘सगळं बंद’ हे बटण कोपऱ्यात आणि दोनदा विचारूनच चालणारं, नाहीतर आलेला पाहुणा वेळ बघायला टॅबला हात लावतो आणि अख्खं घर अंधारात. कॅमेऱ्याचं चालू चित्र पानावर कायम ठेवू नका, टॅब तापायचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. घंटी वाजली की होम असिस्टंटने टॅबचा पडदा जागा करावा, अर्धा मिनिट दार दाखवावं आणि परत मुख्य पानावर यावं, एवढं पुरतं. समोरच्या कॅमेऱ्याने हालचाल ओळखून पडदा जागा करायची सोय फुलीत आहे. दिवसा छान चालते, रात्री अंधारात तिला काही दिसत नाही आणि प्रोसेसर मात्र सतत राबतो. त्याऐवजी हॉलमध्ये एक छोटा हालचालीचा सेन्सर लावा आणि पडदा त्याच्यावर सोपवा. रात्री अकरानंतर उजेड अगदी मंद.

गीझरचं बटण वेगळं सांगते. आपल्याकडचे साठवणीचे गीझर साधारण 2000 वॅटचे असतात, म्हणजे 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर. त्यासाठी 16 अँपिअरचाच प्लग लागतो. दिव्याबरोबर फुकट मिळालेला छोटा प्लग गीझरला लावलेला असेल तर आजच काढा. आणि टॅबवरचं बटण ‘गीझर चालू’ असं नको, ‘गीझर 20 मिनिटं’ असं हवं. वीस मिनिटांनी बंद करायचं काम टॅबवर सोडू नका, त्या प्लगच्या स्वतःच्या ॲपमधला उलटा टाइमर किंवा होम असिस्टंट ते करेल. टॅब मध्येच बंद पडला तरी गीझर वेळेवर बंद झाला पाहिजे.

आता बॅटरी. भिंतीवरचे टॅब बहुतेक वेळा हिच्यामुळेच कामातून जातात. लिथियमची बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर आणि वर उष्णतेत ठेवली की ती फुगते. नागपूर-अकोल्याकडे तर एप्रिल-मे पुरेसे असतात. काही नव्या टॅबमध्ये ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. तुमच्या टॅबसाठी आपण ती बाहेरून करायची. टॅबचा चार्जर एका छोट्या स्मार्ट प्लगमध्ये लावा. फुली होम असिस्टंटला बॅटरीचा आकडा पाठवत असतं. नियम दोन: आकडा तीसच्या खाली गेला की प्लग चालू, पंचाहत्तरच्या वर गेला की बंद. आणि तिसरा, जो लोक हमखास विसरतात: आकडा तासभर आलाच नाही तर प्लग चालू कर. कारण वायफाय अडकलं तर होम असिस्टंटला बॅटरी दिसत नाही, प्लग बंदच राहतो, टॅब हळूहळू मरतो, आणि मग बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅबला वायफायवर परत येता येत नाही. होम असिस्टंट नसेल तर प्लगच्या ॲपमध्येच वेळ लावा, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. तितकं नेमकं नाही, पण चोवीस तास चार्जरवर ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. महिन्यातून एकदा टॅब काढून टेबलावर पालथा ठेवून बघा. पाठ फुगीर लागली, टॅब डुगडुगला किंवा काचेच्या कडेला फट दिसली, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका, आणि तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कचऱ्याच्या गाडीत नाही.

भिंतीवर लावताना जागा स्विचबोर्डाशेजारची घ्या, केबल लहान लागते. उंची तुमच्या सौ. उभ्या राहिल्यावर त्यांच्या नजरेसमोर येईल एवढी, सुताराच्या नाही. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन ज्या भिंतीवर येतं ती टाळा, स्वयंपाकघराच्या ओट्यामागची तर नकोच. भिंतीत खाच करून टॅब सपाट बसवायची हल्ली फॅशन आहे. दिसायला सुंदर दिसतं, पण मागे हवा खेळत नाही आणि चार्जर त्या बंद खाचेत ठेवला तर दोन्ही एकमेकांना तापवतात. साधी लाकडी चौकट, मागे बोटभर फट, काटकोनात वळलेल्या तोंडाची यूएसबी-सी केबल आणि चार्जर बाहेरच्या सॉकेटमध्ये, असं करा. पॉवर बटण चौकटीआड जाणार नाही हे माप घेतानाच बघा.

नवी उपकरणं जोडताना एक अडचण हटकून येते. बहुतेक स्वस्त दिवे आणि प्लग फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि फायबरच्या राउटरवर दोन्ही बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) एकाच नावाने चालू असतात. दिवा जोडला जात नाही तेव्हा दिव्यात दोष नसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन बँडना वेगळी नावं द्या, दिवे 2.4 वर टाका. टॅब पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर ठेवू नका. त्या जाळ्यावरच्या यंत्रांना घरातली बाकी यंत्रं सहसा दिसतच नाहीत.

कुणी हे वाचून नवा टॅब घ्यायला निघालं असेल तर त्यांच्यासाठी: अमेरिकेहून फायर मागवू नका. इथेच मिळणारा साधा अँड्रॉइड टॅब घ्या, म्हणजे प्ले स्टोअरची ही सगळी यातायात वाचते. 4 जीबी रॅम, अँड्रॉइड शक्य तितकं नवं, चार्जिंगला मर्यादा घालायची सोय असली तर उत्तम. ‘गो एडिशन’ लिहिलेला मात्र घेऊ नका. त्यात एका ॲपला दुसऱ्यावर दिसायची परवानगी देता येत नाही, आणि किओस्कची बरीचशी कामं त्यावर अडतात.

शेवटी विजेचं. वीज गेली तरी टॅब आपल्या बॅटरीवर जागा राहील, पण राउटर आणि फायबरचं खोकं बंद पडलं की त्याला काही करता येणार नाही. इन्व्हर्टर असूनही राउटर त्याच्या लाइनवर नाही अशी घरं मला नेहमी दिसतात. राउटर, फायबरचं खोकं आणि होम असिस्टंटचं यंत्र, तिन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवा. टॅबच्या चार्जरला इन्व्हर्टरची गरज नाही. इलेक्ट्रिशियन चौकट ठोकायला येईल त्याच दिवशी मेन स्विच एकदा खाली पाडायला सांगा, आणि टॅबवरून इन्व्हर्टरच्या लाइनवरचा हॉलचा दिवा लागतो का ते त्याच्या समोरच बघा. लागला तर मगच त्याचे पैसे चुकते करा.